रोजेदाराच्या डोक्यावरचा पत्रा

रमजान आला की सहरीला काय खावे, इफ्तारला किती पाणी प्यावे, खजूर आधी की सरबत, याची चर्चा घरोघरी सुरू होते. ती योग्यच आहे. पण रोजेदाराला दुपारी लागणारी तहान केवळ सहरीला प्यायलेल्या पाण्यावर ठरत नाही. दिवसभर तो ज्या छपराखाली बसतो, झोपतो आणि काम करतो, त्या छपरावरही ती ठरते. तापलेल्या पत्र्याखालचा माणूस घामावाटे जे पाणी गमावतो, ते सूर्यास्तापर्यंत त्याला परत मिळत नाही. रोजा नसेल तर माठातले दोन पेले पाणी ती भरपाई करते. रोज्यात ती सोय नसते. म्हणून छपराचा प्रश्न या महिन्यात इतर अकरा महिन्यांपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो.

हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०१८ मध्ये तो मे-जूनमध्ये होता, २०२२ मध्ये जवळजवळ सगळा एप्रिलमध्ये आला आणि २०२५ मध्ये २ मार्चला सुरू झाला. त्या वर्षी गुढीपाडवा ३० मार्चला होता आणि त्याच्या एक-दोन दिवसांतच ईद आली. म्हणजे पाडव्याच्या कडुनिंबाचा आणि ईदच्या शीरखुर्म्याचा आठवडा त्या वर्षी एकच. परीक्षांचे दिवसही तेच. मार्च म्हणजे अजून पुरता उन्हाळा नव्हे, असे आपण म्हणतो. पण खानदेशात, मराठवाड्यात आणि विदर्भात होळी झाली की पत्रा तापू लागतो. मार्चमधला रोजा साडेतेरा तासांच्या आसपास असतो आणि त्यातले निदान सहा-सात तास ऊन थेट छपरावर असते.

पत्र्याखालचे गाव

मालेगावचे उदाहरण घेऊ. मोसम नदीच्या काठचे हे शहर यंत्रमागाचे. मागाचा खडखडाट गल्लीगल्लीत ऐकू येतो आणि जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, तो थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत राज्यातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत मालेगावचे नाव वरचेवर येते. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जाणे इथे नवलाचे नाही. आणि याच शहरातल्या कष्टकरी वस्त्यांत दहा बाय बाराच्या खोल्यांवर सर्रास पन्हळी लोखंडी पत्रे आहेत. भिवंडीत तेच, धुळ्यात तेच, सोलापूरच्या विणकर वस्त्यांतही कमी-अधिक तेच.

रात्रपाळीच्या माग कामगाराचा रमजानातला दिवस डोळ्यांसमोर आणला की गणित कळते. पाळी संपवून तो सहरीला घरी येतो, फजरची नमाज पढतो आणि आडवा होतो. त्याची झोप सकाळी सहा ते दुपारी बारा-एक या वेळेतली. नऊपर्यंत ठीक असते. दहा वाजता पत्रा तापायला लागतो, अकराला पंख्याची हवा गरम होते आणि बाराच्या आत तो घामाने थबथबून उठतो. अपुरी झोप आणि गेलेले पाणी घेऊन त्याला अजून सहा-सात तास काढायचे असतात. मग पुन्हा मागावर, आणि मागाच्या शेडवरही बहुधा पत्राच.

त्याच खोलीत त्याची पत्नी चार वाजल्यापासून चुलीसमोर असते. भजी, समोसे, हरभऱ्याची उसळ, फळे चिरणे आणि मगरीबच्या अजानच्या आत दस्तरखान मांडणे. खाली गॅस, वर पत्रा, आणि तिचाही रोजा. कोपऱ्यात दहावी-बारावीचे पुस्तक घेऊन एखादे पोर बसलेले असते, आणि खाटेवर आजी. आजारपणामुळे आजीला रोज्यातून सूट आहे. पत्र्यातून मात्र कोणालाच सूट नाही.

हे चित्र केवळ मोहल्ल्याचे नाही. नदीच्या पलीकडे, बौद्ध वस्तीत, भिल्ल वस्तीत, बांधकाम मजुरांच्या पालांत पत्रा तोच आहे. चैत्रातला उपवास करणारी आजी आणि रोजा धरणारी नानी एकाच प्रकारच्या छपराखाली दुपार काढतात.

पंखा हरतो कुठे

घर तापते ते दारा-खिडक्यांतून येणाऱ्या गरम हवेने, असा सर्वसाधारण समज आहे. एकमजली घरात खरी गोष्ट वेगळी असते. भिंतींवर ऊन सकाळी एका बाजूने आणि सायंकाळी दुसऱ्या बाजूने पडते. छपरावर ते दिवसभर असते आणि दुपारी अगदी सरळ. अर्धा-एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा भरदुपारी साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापू शकतो. तापलेली कोणतीही वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. तव्यावर पोळी नसली तरी त्यावर हात धरला की धग लागते, तसाच हा प्रकार. पत्र्याच्या खोलीत माणूस पालथ्या घातलेल्या तव्याखाली बसलेला असतो.

पंखा हवा हलवतो. वरून येणारी ही धग तो अडवू शकत नाही. उलट छताशी साचलेली तापलेली हवा तो खाली ढकलतो. कूलर कोरड्या हवेच्या खानदेशात उपयोगी पडतो, पण त्याला पाणी लागते, आणि आठवड्यातून मोजकेच दिवस नळ येणाऱ्या वस्तीत रोज कूलरची टाकी भरणे परवडत नाही. भिवंडी-मुंब्र्याच्या दमट हवेत तर कूलरचा फारसा उपयोगच नाही. म्हणून आधी छपराकडे पाहावे लागते.

स्लॅबच्या घरात राहणाऱ्यांना वाटते, आपण सुटलो. ते अर्धेच खरे आहे. चार-पाच इंची काँक्रीटचा स्लॅब उष्णता लगेच आत सोडत नाही; ती साठवून ठेवतो आणि तीन-चार तासांनी खाली सोडायला लागतो. म्हणजे पत्र्याचे घर जोहरच्या नमाजेला, दुपारी, सर्वांत जास्त तापते, तर स्लॅबचे घर नेमके इफ्तारच्या सुमारास. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत भिंतीला पाठ टेकवत नाही. रात्रीची तरावीहची लांब नमाज पढून माणूस परत येतो तेव्हाही स्लॅब गरमच असतो. पत्रा मात्र सूर्य मावळला की तासाभरात निवतो. दोन्ही घरांचे दुखणे वेगळे, म्हणून इलाजही थोडे वेगळे.

जुन्या घरांना हे ठाऊक होते

खानदेशातले धाब्याचे घर आणि मराठवाड्यातले माळवद ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला आणि वर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरून धाबे पुन्हा बांधून घेत. भरउन्हाळ्यात अशा घरात शिरले की डोळ्यांना अंधारी आणि अंगाला गारवा जाणवे. माती उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. ती आतपर्यंत पोचण्याआधी रात्र होते. कोकणात आणि मावळात कौलारू घराला माळा असे. कौले तापली तरी कौले आणि माळ्याची फळी यांच्यामधली हवा धग अडवी. माळ्यावर ठेवलेली लाकडे, गवत, कांदे हेही त्या कामात भर घालत. माळा म्हणजे अडगळीची जागा, असे आपण समजतो. घराच्या डोक्यावरची ती टोपीही होती.

औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की अनेकांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातला तिथला मोठा हौद सगळ्यांना आठवतो. पण त्या हौदाखाली खांबांवर उभे असलेले प्रशस्त दालन आहे आणि हौदाचा तळ हेच त्या दालनाचे छत आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वर पाणी, खाली सावली. उन्हाळ्यात तिथे उतरणाऱ्या फकिरांना आणि यात्रेकरूंना त्या दालनात गारवा मिळे. छप्पर थंड ठेवले की खालचा माणूस थंड राहतो, ही समजूत या मातीत जुनीच आहे.

अर्थात, सगळे जुने परत आणा, असा याचा अर्थ नाही. माळवद गळे, त्याला वाळवी लागे, दरवर्षी हात लावावा लागे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचा माळवदाचा भार माणसांच्या अंगावर आला, हेही महाराष्ट्र विसरलेला नाही. पत्रा हलका, स्वस्त आणि एका दिवसात बसणारा म्हणून लोकांनी स्वीकारला, त्यात त्यांची चूक नव्हती. मात्र मातीबरोबर तिचा गारवाही गेला आणि त्याच्या जागी दुसरे काही आले नाही. ती रिकामी जागा आज भरता येते, तीही फार मोठ्या खर्चाशिवाय.

वरून पांढरे करा

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे छपराला पांढरा रंग. पांढरा पृष्ठभाग उन्हाचा बराचसा भाग परत फेकतो. गंजलेला, काळवंडलेला पत्रा तेच ऊन पिऊन घेतो. नवा चकचकीत पत्रा ऊन परत फेकतो खरा, पण जी उष्णता त्याने घेतली ती तो वरच्या मोकळ्या आकाशाकडे सहज सोडत नाही, म्हणून हात लावला तर चटका बसतो. पांढरा रंग दोन्ही कामे करतो. चांगला पांढरा थर दिलेल्या छपराखाली खोलीचे तापमान साधारणपणे दोन ते पाच अंशांनी उतरते. हा आकडा लहान वाटेल. पण एक्केचाळीस अंश आणि सदतीस अंश यांतला फरक रोजेदाराच्या कपाळाला विचारावा.

स्लॅबला चुना चालतो. कळीचा चुना पाण्यात विरवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी थोडे फेविकॉल मिसळून दोन हात मारले की गच्ची पांढरी होते. एक पावसाळा गेला की तो बराचसा धुपतो. पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा मारायचा. कळीचा चुना पाण्यात टाकताना उकळी फुटते आणि शिंतोडे उडतात, म्हणून चुन्यात पाणी ओतू नये, पाण्यात थोडा थोडा चुना टाकावा आणि मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत गेलेला चुना नजर घेऊन जाऊ शकतो.

गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पोपडे सुटतात. तिथे तारेच्या ब्रशने गंज काढून, धूळ धुऊन, आधी प्रायमर आणि मग बाहेरच्या कामाचा पांढरा रंग किंवा छपरासाठी मिळणारा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा. दहा बाय बाराच्या खोलीला दोन हात देण्यासाठी साधारण तीन लिटर रंग पुरतो. तो काही वर्षे टिकतो. फक्त त्यावर धूळ आणि मागाची कापूस-फुंकर बसू लागली की उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा धुवावे लागते. काळा पडलेला पांढरा रंग निम्मे काम करतो.

काही काळजी घ्यायलाच हवी. पत्र्यावर चढताना पाय नेहमी खालच्या अँगलच्या ओळीवर, म्हणजे हूक-बोल्टच्या रेषेत टाकावा. मधल्या भागावर पाय पडला तर पत्रा वाकतो, आणि सिमेंटचा पत्रा तर फुटून माणूस सरळ खाली येतो. सिमेंटचे जुने पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते कोरडे घासू नयेत, कापू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते. रोजेदाराने तर दुपारी छपरावर जाऊच नये. सहरी-फजरनंतर आठ वाजेपर्यंत किंवा इफ्तारनंतर उजेडाची नीट सोय करून हे काम उरकावे.

खालून पोकळी ठेवा

पांढरा रंग ऊन परतवतो. उरलेली धग अडवायला माळा हवा. पूर्ण माळा शक्य नसेल तर पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून दुसरे छत बांधायचे. गोरगरिबांनी हे आपल्यापरीने कधीचेच केले आहे. पुष्कळ खोल्यांत पत्र्याखाली जुन्या साड्या ताणून बांधलेल्या दिसतात. पाहुण्याला ती सजावट वाटते. प्रत्यक्षात ती धग अडवण्याची युक्ती असते. साडीपेक्षा बांबूची चटई बरी, तिच्यापेक्षा प्लायवूड किंवा सिमेंट बोर्ड बरे. गोदामांच्या छपराखाली लावतात ती फॉइलची बबल शीटही आता हार्डवेअरच्या दुकानांत मिळते. तिची चकाकणारी बाजू पोकळीकडे असावी आणि पत्र्याला चिकटवून न लावता मध्ये निदान दोन इंच हवा ठेवावी. चिकटवली की ती पत्र्याइतकीच तापते आणि तिचा मुख्य गुण वाया जातो.

ही पोकळी दोन्ही टोकांना उघडी असली पाहिजे. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवून तिला जाळी लावली की तापलेली हवा एका बाजूने निघून जाते आणि उंदीर-पक्षी आत येत नाहीत. सगळीकडून बंद केलेली पोकळी मात्र उष्णतेची कोठडी होते.

थर्माकोलबद्दल सावधगिरी हवी. स्वस्त आणि हलका म्हणून अनेक जण तो थेट पत्र्याखाली चिकटवतात. तो उष्णता चांगली अडवतो, पण ठिणगी पडली की भरभर पेटतो आणि त्याचा काळा धूर माणसाला बाहेर पडू देत नाही. ज्या खोलीत इफ्तारसाठी कढईत तेल उकळते, गॅसची टाकीही तिथेच असते आणि वायरी उघड्या लोंबतात, त्या खोलीत उघडा थर्माकोल, गोणपाट किंवा लोंबती साडी चुलीच्या वर असूच नये. चुलीवरच्या भागात सिमेंट बोर्ड किंवा नुसता पत्रा, आणि धूर-वाफ बाहेर काढणारा पंखा, एवढे तरी करावे. फॉइल लावण्याआधी वायरी पाईपमधून घ्याव्यात. उघड्या वायरीला फॉइल टेकले तर वीज सगळ्या छतात उतरते.

नवीन पत्रे टाकायचेच असतील, तर मध्ये फोम भरलेले पफ पॅनेलचे पत्रे मिळतात. ते साध्या पत्र्यापेक्षा बरेच महाग आहेत, पण रंग आणि दुसरे छत यांचा खर्च धरून हिशेब करावा.

स्लॅबवाल्यांसाठी जागा वरच्या बाजूला आहे. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीचे तुकडे हे गवंड्यांच्या ओळखीचे काम आहे. ते गळतीही थांबवते आणि उष्णताही. मातीची उपडी मडकी ओळीने मांडून त्यांवर कोबा करण्याची रीतही काही भागांत आहे. मडक्यांतली हवा माळ्याचेच काम करते. भाड्याच्या घरात एवढे शक्य नसेल, तर गच्चीवर बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधावी किंवा पिंपात गिलक्या-दोडक्याचा वेल लावून मांडवावर चढवावा. सौर पॅनेल बसवणाऱ्यांना विजेबरोबर सावली फुकट मिळते. फक्त ही सावली छपराच्या वर, अंतर ठेवून हवी.

अहमदाबादचा धडा

हा विषय केवळ घरगुती सोयीचा नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाल्याचे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची स्वतंत्र योजना आखली, आणि पुढे २०१७ पासून तिथल्या झोपडवस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. २०२३ मध्ये तेलंगण सरकारने पाच वर्षांसाठी थंड छपरांचे धोरण जाहीर केले आणि सरकारी व व्यावसायिक इमारतींना ते बंधनकारक केले.

उष्माघात रस्त्यावर होतो, अशी आपली समजूत आहे. पण म्हातारी माणसे, तान्ही बाळे आणि बाळंतिणी रस्त्यावर नसतात, घरात असतात. दिवसा तापलेले शरीर रात्री निवायला हवे. ते निवले नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन दुप्पट बाधते. रोजेदाराला चक्कर येऊ लागली, बोलणे असंबद्ध झाले, अंग चटके बसावे इतके तापले, तर तो क्षण सबुरीचा नसतो. जीव धोक्यात असेल तेव्हा रोजा सोडण्याची मुभा शरीयतनेच दिली आहे. तो नंतर पूर्ण करता येतो. माणसाला सावलीत आणून ओल्या कपड्याने अंग पुसत दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

खर्च कोणाचा?

इथे खरी अडचण येते. पत्र्याच्या खोल्यांत राहणारे बरेच जण भाडेकरू आहेत. छप्पर मालकाचे, ऊन भाडेकरूचे. भाडेकरूने रंग काढला तर मालक म्हणतो, कोणाला विचारून चढलात? मालकाला सांगितले तर भाडे वाढण्याची भीती. मालक स्वतः स्लॅबच्या घरात राहत असतो आणि त्याच्या मते पत्र्याला वीस वर्षे काही झालेले नाही. एका खोलीमागे तीन लिटर रंग आणि एक दिवसाची मजुरी, एवढ्यावर हा प्रश्न अडून बसतो.

रमजान हा हिशेबाचा महिना आहे. ऐपतवान मुसलमान आपल्या मालमत्तेचा हिशेब करून जकात काढतो, ईदआधी फित्रा देतो आणि ऐच्छिक दान म्हणून सदका करतो. जकात कोणाला द्यावी याचे नियम ठरलेले आहेत. ती गरजूच्या हाती द्यायची असते आणि त्याबाबत आपल्या मौलानांना विचारणे बरे. सदक्याला मात्र मोकळीक आहे. प्यायच्या पाण्याची सोय करणे हा सदक्याचा फार नावाजलेला प्रकार. म्हणूनच मोहल्ल्यात जागोजागी पाण्याचे हौद, नळ आणि हल्ली थंड पाण्याची यंत्रे दिसतात. तहानलेल्याला पाणी पाजणे पुण्याचे, तर तहान कमी लागावी म्हणून शेजाऱ्याचे छप्पर पांढरे करणे त्याच जातीचे काम नव्हे काय? इफ्तार पार्टीच्या एका मांडवाच्या खर्चात गल्लीतल्या किती खोल्या पांढऱ्या होतील, याचा हिशेब प्रत्येक कमिटीने एकदा मांडून पाहावा. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल इस्लाममध्ये जे सांगितले आहे, त्यात शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. रंगाचा डबा गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावा, मधे कोणाचे घर लागते ते न पाहता.

मशिदी आणि मदरशांनी आपल्यापासून सुरुवात केली तर लोकांना ते डोळ्यांनी दिसेल. तरावीहसाठी वाढवलेली शेड बहुधा पत्र्याचीच असते आणि तीत शेकडो माणसे उभी राहतात. महापालिकेच्या शाळा, अंगणवाड्या, मंदिरांचे सभामंडप, बुद्धविहार यांचेही तेच. महापालिकेने उन्हाळ्याच्या तयारीत पाणपोईबरोबर छपरांचा रंग धरला, तर त्याचा लाभ एका दुपारी नव्हे, तीन-चार उन्हाळे मिळेल.

आपल्याकडे शब-ए-बरातच्या आणि रमजानच्या आधी घर झाडून-पुसून भिंतींना चुना देण्याची जुनी चाल आहे, जशी दिवाळीच्या आधी असते. चुन्याची बादली, कुंचा, शिडी, मदतीला पोरे, सगळे त्या दिवशी जमलेले असते. फक्त काम भिंतीशी थांबते. शिडी आणखी चार पायऱ्या वर जात नाही. यंदा ते राहिले असेल तर ईदनंतरचा पहिला जुम्मा आहे. माग बंद असतात, पोरांना सुट्टी असते, सकाळी दोन-तीन तासांत एका गल्लीची निम्मी छपरे होतात, आणि खरा उन्हाळा तर तेव्हाच सुरू होणार असतो.

२०२५ नंतर रमजान फेब्रुवारीत सरकतो, मग जानेवारीत, डिसेंबरात. २०३० या एकाच वर्षात जानेवारीत एक आणि डिसेंबराच्या अखेरीस दुसरा, असे दोन रमजान सुरू होतील. मग उन्हाची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण एप्रिल-मे कुठे जात नाहीत, आणि थंडीच्या रमजानात सहरीला उठणाऱ्यांच्या डोक्यावर तोच पत्रा बर्फासारखा गार असेल. तेव्हा पांढऱ्या रंगाचा उपयोग नाही. पण पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून बांधलेले दुसरे छत तेव्हाही कामाला येते. चुलीची ऊब ते खोलीत थोडी अधिक वेळ टिकवते. म्हणून ज्यांना एकदाच खर्च करणे शक्य आहे, त्यांनी आधी वरून पांढरे करावे आणि पुढच्या वर्षभरात पैसे साठवून खालचे छत बांधावे. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांच्यासाठी एक डबा रंग आपल्या ईदच्या खरेदीच्या यादीत लिहून ठेवावा.